तक्त्याची खालची ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेली चिठ्ठी वाचताना नंबर आधी पाहायचा आणि नाव मागाहून, ही वडिलांनी तिला लावलेली सवय. माणसाच्या नावाशी चष्म्याला काय करायचंय, असं ते म्हणत. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी काउंटरवर सरकवलेल्या चिठ्ठीत तिने आधी वाचलं ते एवढंच, की दोन्ही डोळे मायनस पाच. "बराच आहे हो नंबर," असं ती नेहमीच्या सुरात म्हणालीसुद्धा, आणि मग नजर वर सरकली. नाव वाचून झाल्यावरही तिचा हात फ्रेमांच्या ट्रेकडे गेला, हाताने ट्रे काढून काउंटरवर ठेवला, मखमलीवरची धूळ झटकली. हाताला अजून बातमी पोचली नव्हती. मग पोचली. बोटं एकेक करून गार पडली आणि तोंडात काचेच्या भुकटीची चव आली. घासायच्या यंत्रावर बसलं की ती येते आणि चार वेळा चूळ भरली तरी जात नाही.

"नऊ वर्षं दहा पावलांच्या पलीकडचं काही पाहायचं कामच पडलं नाही," समोरचा माणूस म्हणाला. "आता बाहेर आलोय, तर सगळंच लांब." हे त्याने विनोद केल्यासारखं म्हटलं आणि कुणी हसत नाही असं पाहून स्वतःच थोडं हसला. त्याच्या नाकावरच्या जुन्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. "सोमवारपासून गाडी चालवायचीय. पावाची, बेकरीतून दुकानांत. तोवर होईल ना, बाई?"

"शनिवारी या," ती म्हणाली. "दुपारी." ट्रेमधली सगळ्यात साधी, बारीक फ्रेम त्याने बोट ठेवून दाखवली आणि तो निघाला. दाराकडे वळला तेव्हा तिला त्याची मान दिसली, आणि चिठ्ठीवरच्या नावाबद्दल जी काही तसूभर शंका होती ती फिटली. चेहरा तिला नवा होता. मान पाठ होती. कोर्टात पाच महिने ती तिसऱ्या बाकावर बसली होती आणि तो पहिल्या बाकाच्या पुढे, कठड्यात, तिच्याकडे पाठ करून. केसांच्या कडेला शेजारी शेजारी दोन तीळ. डावा कान उजव्यापेक्षा जरा बाहेर. वकील तासन्‌तास बोलत आणि ती त्या दोन तिळांकडे बघत बसे, आणि तिथे काय काय करता येईल याचा विचार करी. तिच्यासारख्या, झुरळ मारतानाही डोळे मिटणाऱ्या बाईच्या डोक्यात इतकं काही येऊ शकतं याचं तिला तेव्हा नवल वाटलं होतं. नंतर नवल वाटेनासं झालं, सवयीचं झालं. कुणी सकाळी फिरायला जातं, कुणी पोथी वाचतं. ती यंत्र सुरू करायच्या आधी पाच मिनिटं त्या मानेचा विचार करायची. नऊ वर्षांत खंड नव्हता. आणि आता ती मान तिच्या दुकानाच्या पायरीवरून पायाने चाचपत खाली उतरत होती. पायरी त्याला नीट दिसत नव्हती. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

लोक या माणसाला काय काय म्हणत. निम्मं शहर वीर म्हणे, निम्मं देशद्रोही, आणि दोन्ही निम्म्यांच्या घरात रोज संध्याकाळी त्यावरून भांडणं होत. तिला त्या भांडणाचं काही नव्हतं. देशाचं काय केलं त्याने, ते देश बघून घेईल. तिचं त्याच्याशी वैर घरचं होतं. धाकट्याला त्याने दुसऱ्यांदा मारलं होतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा आणि ती चौदाची. त्याच्या नाकापासून नखांपर्यंत सगळं तिनेच केलेलं. विसाव्या वर्षी तो एका टेकडीवरच्या ठाण्यावर टेहळणीला होता. खालच्या रस्त्यावरून काय जातंय ते बघायचं आणि तोफखान्याला कळवायचं, एवढंच त्याचं काम. एका सकाळी शत्रूने हल्ला केला, आपले सात जवान ट्रकसकट गेले, टेकडीवरचा टेहळ्या शेवटपर्यंत जागा न सोडता जखमी झाला आणि दोन दिवसांनी दवाखान्यात वारला, असं पत्र आलं. पत्र जाड कागदाचं होतं. त्यानंतर आठ महिने ती वीराची बहीण होती. शाळेत त्याचा फोटो लागला. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावाची पाटी बसली. भाजीवाला पिशवी घरापर्यंत आणून द्यायचा. दुःख होतंच, पण त्या दुःखाला बसायला एक खुर्ची होती; लोक येत, त्या खुर्चीकडे बघून बोलत, जात. आणि मग मुख्यालयातल्या एका लेखनिक शिपायाने त्रेचाळीस पानांची एक गुप्त फाइल कपड्यांखाली लपवून बाहेर आणली आणि वर्तमानपत्राला दिली. शत्रू तिथे नव्हताच. टेकडीवरून इशारा गेला की रस्त्यावर शत्रूच्या गाड्या आहेत, आपल्या तोफांनी आपल्याच गाड्या उडवल्या, आणि उरलेल्यांना वाटलं टेकडीवर शत्रू आहे, म्हणून त्यांनी टेकडीवर गोळ्या झाडल्या. 'टेहळ्याच्या नजरचुकीने,' असं फाइलीत लिहिलं होतं. चौथ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत.

पाटी एका दुपारी उतरवली. उतरवणारा माणूस ओळखीचा होता. त्याने तिच्याकडे न बघता स्क्रू खिशात टाकले. फोटो कधी काढला ते शाळेने कळवलंही नाही. भाजीवाला पिशवी देईनासा झाला, यात त्याचंही चुकलं नाही म्हणा, पण तिला ती पिशवी उचलताना प्रत्येक वेळी आठवे. दुकानासमोरच्या घरात, त्या सात जवानांतल्या एका ट्रक ड्रायव्हरची आई राहायची. आठ महिने दोघी रोज चहाला एकत्र बसलेल्या, एकमेकींच्या डोक्यावरून हात फिरवलेल्या. फाइल छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी ही बाई दुकानात आली, बसली नाही. "तुझ्यावर माझा राग नाही गं," म्हणाली. "पोर होतं तेही. पण त्या शिपायाला शिव्या देऊ नकोस माझ्यासमोर. माझा मुलगा कसा गेला ते मला त्याने सांगितलं. सरकारने नाही सांगितलं. बारावं पान वाचलंस का? तोफ डागायच्या आधी दोनदा विचारायचा नियम होता. साहेबांनी एकदाही विचारलं नाही. आणि वर स्वतःच कागदावर शत्रूचा हल्ला लिहून मोकळे झाले."

"मी चारच्या पुढे वाचलं नाही," ती म्हणाली होती.

"वाच मग," ड्रायव्हरची आई म्हणाली, आणि गेली. त्यानंतर ती चष्म्यापुरतीच दुकानात यायची, दोन वर्षांतून एकदा.

तिने वाचलं नाही. वाचायची गरजही पडली नाही, कारण तिला लवकरच एक उत्तम हत्यार सापडलं. फाइल त्रेचाळीस पानांची होती, पण वर्तमानपत्राकडे पोचली बेचाळीस. एकेचाळिसावं पान नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, एकेचाळीस कुठे आहे? कठड्यातली मान जरा खाली झाली. "हरवलं," तो म्हणाला. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा हरवलं. सरकारी वकील असे हसले की सगळं कोर्ट हसलं. एवढ्या काळजीने फाइल काढणारा माणूस, आणि नेमकं एक पान हरवतो? ते पान विकलंय, आणि कुणाला विकलंय ते सांगायला नको. सात वर्षं फाइलीची झाली आणि दोन त्या पानाची. निकाल ऐकताना शेवटच्या दोन वर्षांना तिने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. कोर्टाच्या पट्टेवाल्याने बोटाने गप्प बसायला सांगितलं तरी दोन-तीन जास्तीच्या वाजवल्या. मग सभांना तिला बोलावू लागले, आणि चष्म्याच्या दुकानातली ही बाई माइकसमोर उभी राहून विचारू लागली, एवढा सत्याचा पुतळा आहे ना तो, मग पान एकेचाळीस कुठंय? पुढे हे भिंतींवर लिहिलं गेलं. जे त्याला वीर म्हणत त्यांची बोलती इथे बंद व्हायची. हे वाक्य तिचं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही निर्माण केलेलं नव्हतं.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी यंत्रापाशी बसली असताना काय करायचं ते तिला सुचलं, आणि इतकं सहज सुचलं की जणू ते ड्रॉवरमध्येच ठेवलेलं होतं. तसं ते ड्रॉवरमध्येच होतं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, एक पत्र्याची साबणाची डबी. धाकट्याच्या सामानाबरोबर परत आलेली. डबीत चष्मा होता, तिने स्वतः बनवलेला, दोन्ही काचा मायनस अडीच, आणि काचांवर एक ओरखडासुद्धा नव्हता. घासूनपुसून दुकानात मांडला असता तर नवा म्हणून गेला असता. तिने त्या काचा फ्रेममधून काढल्या आणि हातावर घेतल्या. या माणसाचा नंबर पाच. अडीचच्या काचा घातल्या की उरले अडीच. म्हणजे जग त्याला बरोबर तितकंच धूसर दिसेल जितकं धाकट्याला त्या टेकडीवरून दिसलं. हिरवा रंग दिसेल, गाडी आहे हे दिसेल, कुणाची ते दिसणार नाही. तो तक्रार करील, तेव्हा ती म्हणेल, नवीन चष्मा आहे, सवय व्हायला चार दिवस लागतात. हे वाक्य ती रोज म्हणते. कुणालाही पटतं, माणसं आपल्या डोळ्यांपेक्षा चष्मेवाल्यावर जास्त विश्वास ठेवतात. आणि सोमवारी तो पावाची गाडी घेऊन चौकात जाईल. त्या चौकात आणखी कोण कोण असेल हा विचार तिच्या मनात आला. आला, उंबऱ्यात उभा राहिला, आणि तिने त्याला आत घेतलं नाही. त्याने टेहळ्याची नजर चुकली म्हणून जगाला सांगितलं ना? मग बघ म्हणावं एकदा त्या नजरेने. चिठ्ठीचा कागद तिने यंत्राखाली दाबून ठेवला आणि काचा बारीक फ्रेमच्या मापाला घासायला घेतल्या. पाण्याची धार, काचेचा किरकिर आवाज, पांढरा चिखल. इतकं नीट काम तिच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

पण काच हातात घेतली की ती कुणासाठी घासली होती ते आठवणारच. शुक्रवारी दिवसभर गिऱ्हाईक नव्हतं, आणि समोरच्या भिंतीवर तक्ता होता. दुकान लांबट, बोळासारखं. मागच्या टोकाला खुर्ची आणि दाराशेजारच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर तळहाताएवढं एकच अक्षर, मग दोन, मग तीन, असं होत होत खाली मुंगीएवढी सहा. वडील हे तक्ते घाऊक आणत आणि दवाखान्यांना, शाळांना, भरतीच्या कचेरीला पुरवत. भरतीच्या डॉक्टरच्या भिंतीवर कोणता तक्ता आहे हे त्यामुळे तिला ठाऊक होतं, कारण तो तिनेच गुंडाळून पाठवला होता. धाकटा दहा दिवस जेवणावर रुसला होता. दुकानात आयुष्य काढायचं नाही, भरतीला जायचं. आणि डोळे मायनस अडीच. पहिल्यांदा ती नाही म्हणाली. मग एका दुपारी त्याला या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, डोळे मीट आणि म्हण माझ्या मागून. वरच्या ओळी चटकन झाल्या. खालची राहीना. ग, र, त, म, न, ल. दर वेळी त्याचा 'म' आणि 'न' उलटा व्हायचा. शेवटी त्यानेच वाक्य जुळवलं. "गप्प राहा, ताई मारेल नाहीतर लाथेने," तो म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की वडील आतून ओरडले, काय चाललंय रे. चार दिवसांनी तो डॉक्टरांसमोर उभा राहिला आणि मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले म्हणे, घारीची नजर आहे पोराची. म्हणून तर त्याला टेहळणीला घातला.

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चष्मा तिने त्याच्याबरोबर दिला होता, साबणाच्या डबीत, कुणी नसताना घाल म्हणून. पण ठाण्यावर कुणी नाही असं कधी होतच नसावं. तक्ता तिने भिंतीवरून काढला नाही, कारण काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का काढला. स्वतःलाही तिने हे नीटसं सांगितलं नव्हतं. रात्रंदिवस त्या माणसाच्या मानेचा विचार करायचा तर बाकी विचारांना सवड कुठून असणार? त्याने फाइल काढली नसती तर धाकटा टेकडीवरचा वीर म्हणूनच राहिला असता, आणि वीराच्या बहिणीने काय पाठ करून घेतलं होतं याला काही अर्थ उरला नसता. हे त्याने केलं. त्यानेच. शुक्रवारी संध्याकाळी तिने तयार चष्मा फडक्यात गुंडाळून काउंटरवर ठेवला. खऱ्या मायनस पाचच्या दोन काचा कपाटात पाकिटात होत्या, न घासलेल्या. त्या तिने जागच्या हलवल्यासुद्धा नाहीत.

शनिवारी तो आला तेव्हा ऊन दारातून अर्ध्या दुकानापर्यंत आलं होतं. तिने त्याला मागच्या खुर्चीत बसवलं. चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर चढवला, दांड्या कानांमागे नीट बसल्यात का पाहिलं. डाव्या कानाची जरा वाकवावी लागली. दोन तीळ तिच्या बोटांपासून चार अंगुळांवर होते. मग ती छडी घेऊन तक्त्यापाशी जाऊन उभी राहिली.

त्याने समोर बघितलं. डोळे बारीक केले, मान थोडी पुढे काढली, पुन्हा मागे घेतली. धाकटा असंच करायचा. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती आपलं वाक्य तयार ठेवून उभी होती: नवीन चष्मा आहे, सवय व्हायला. त्याने तोंड तिच्याकडे वळवलं आणि बराच वेळ तिच्याकडे, म्हणजे ती जिथे उभी असावी त्या रंगाकडे, बघत राहिला.

"वरून वाचू की खालून?" त्याने विचारलं.

"खालून," ती म्हणाली. इतकी गोड संधी ती कशी सोडणार? "खालची ओळ वाचा."

"ग," तो म्हणाला. "र. त." इथे तो जरासा थांबला. "म. न. ल."

तिला आधी वाटलं, आपलाच घोटाळा झाला. सवयीने हात कपाटात गेला असेल, पाचच्या काचा बसवल्या असतील. तिने त्याच्या नाकावरून चष्मा जवळजवळ ओढूनच काढला आणि नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. मायनस अडीच. दुसरी काच, मायनस अडीच. परत येऊन तिने तो त्याच्या डोळ्यांवर बसवला. या वेळी दांडी गालाला लागली.

"तिसरी ओळ वाचा."

"ती नाही दिसत."

"दुसरी?"

"नाही. वरचं एक मोठं अक्षर तेवढं लागतं."

"मग खालची कशी दिसली?"

"खालची पाठ आहे," तो म्हणाला.

छडी तिच्या हातात होती आणि ती कशासाठी घेतली होती हे तिला आठवेना. "कुणी शिकवली?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज वडिलांसारखा, घोगरा निघाला.

"त्यानेच. दवाखान्यात जबाब घ्यायला मला पाठवलं होतं. तो बोलत होता, मी लिहून घेत होतो. म्हणाला, मला दिसत नव्हतं, मी दिसतंय म्हणालो. भरतीलाही दिसलं नव्हतं. गप्प राहा, ताई मारेल नाहीतर लाथेने. हसत होता सांगताना. टाके होते पोटाला, हसू नकोस म्हटलं तरी हसत होता." त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मग एकदम घाबरला. म्हणाला, हे लिहू नका, ताईला धरतील. मी म्हटलं, लिहिलंय. तो म्हणाला, मग फाडा. मी तेव्हा नाही फाडलं, हुकूम नव्हता. नंतर फाडलं. ते एकेचाळिसावं पान होतं, बाई."

ती कपाटापर्यंत गेली. पाकीट काढलं, पाचच्या काचा काढल्या. "बसा," ती म्हणाली, "अर्धा तास लागेल," आणि यंत्र सुरू केलं. हे तिने का केलं ते तिला सांगता आलं नसतं. हाताला काहीतरी हवं होतं. पाण्याची धार काचेवर पडू लागली. तिचा राग मात्र गेला नव्हता. तो खोलीभर फिरत होता, कुणावर बसावं ते त्याला कळत नव्हतं.

"कोर्टात का नाही सांगितलंत?" तिने यंत्रावरून मान न उचलता विचारलं.

"तुम्हाला उचललं असतं. भरतीत फसवणूक, आणि त्यात सात माणसं गेलेली. साहेब सुटले असते, सगळं तुमच्या दोघांवर टाकून. त्यांना तेच तर हवं होतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यावर दया करायला? कोण लागता तुम्ही माझे? त्या दोन वर्षांना मी टाळ्या वाजवल्या होत्या!"

"ऐकल्या," तो म्हणाला. "पाठ होती तुमच्याकडे, पण कान होते ना." मग म्हणाला, "सात वर्षं कधीकधी फुकट गेल्यासारखी वाटतात. साहेबांना शेवटी बढतीच मिळाली. ती दोन नाही वाटत फुकट."

तिने काच उलटी केली. "ड्रायव्हरची आई तुम्हाला वीर म्हणते."

"कुणीतरी म्हणतं. कुणी थुंकतं. मी म्हणतो, मीसुद्धा एक पान लपवलं. साहेबांनी त्रेचाळीस लपवली, मी एक. फरक आहे, पण जात तीच." तो उठून चाचपत काउंटरपाशी आला आणि मांडीवरचा चष्मा तिथे ठेवला. "दवाखान्यात दुकानांची यादी दिली, त्यात हे दिसलं. त्याने सांगितलं होतं, आमचं चष्म्याचं दुकान आहे. वाटलं, एकदा बघावं आणि जावं. बोलायचं नव्हतं मला."

"काचा चुकीच्या आहेत हे कधी कळलं?"

"घातल्याबरोबर."

"मग?"

"वाटलं, तुम्हाला तेवढं हवं असेल. म्हटलं, दिसतंय म्हणून सांगावं आणि निघावं."

"आणि सोमवारी गाडी चालवली असतीत?"

"छे हो. नोकरी सोडली असती." तो पहिल्यांदाच जरा चिडून बोलला. "न दिसणारा माणूस दिसतंय म्हणाला की काय होतं ते मी लिहून घेतलंय, बाई. या हाताने."

यंत्र थांबलं. तिने काचा पुसल्या, फ्रेममधल्या अडीचच्या काढून या बसवल्या, दोन्ही नंबर पुन्हा मोजले आणि चष्मा त्याच्या हातात दिला. या वेळी स्वतः चढवला नाही. त्याने तो घातला. तक्त्याकडे त्याने पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की आत्ता कुठे तो तिला बघतोय, कपाळावरच्या आठीपासून हनुवटीपर्यंत. ती नजर तिने कशीबशी झेलली. "ते पान माझं नाही," तो म्हणाला. "त्याचं आहे. त्याने गप्प राहा म्हटलंय. आता नऊ वर्षं झाली, राहू द्या." दारापाशी तो थांबला नाही. पायरी त्याला दिसली. एकदाही न चाचपता उतरला आणि ऊन होतं त्या बाजूने चालू लागला. तिने त्याच्या मानेकडे पाहिलं. दोन तीळ होते, इतर माणसांना असतात तसे.

काउंटरवर अडीचच्या काचा पडल्या होत्या. बारीक फ्रेमच्या मापाच्या, आता धाकट्याच्या जुन्या फ्रेममध्ये कधीच परत न बसणाऱ्या. तिला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. आला तो रागच, आणि या वेळी तो खोलीत फिरला नाही, सरळ घरी आला. नऊ वर्षं ती चुकीच्या दारावर दगड मारत होती. सभांमधून, माइकवरून, कुठंय कुठंय म्हणून विचारत होती, आणि विचारायचं ते पान तिच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचून जात होतं.

तिने स्टूल घेतलं, वर चढली आणि तक्ता काढला. मागची बाजू कोरी होती, पिवळी पडलेली. 'आज दुकान बंद' लिहायचा ब्रश आणि काळा रंग आतल्या फळीवर होता. तक्ता काउंटरवर पालथा पसरून तिने चार कोपऱ्यांवर चार काचा ठेवल्या. समोरच्या घराच्या खिडकीत ड्रायव्हरची आई बसली होती, तिच्या नेहमीच्या जागी. तिचा चष्मा बदलायला झाला होता, दूरचं तिला हल्ली दिसत नसे. गप्प राहायचं तेवढं राहून झालं होतं. सूड घ्यायचा तर तो पुरता घ्यायचा, आणि आता निदान पत्ता चुकणार नव्हता. 'पान एकेचाळीस,' तिने लिहिलं. खाली लिहिलं, 'माझ्या भावाला दिसत नव्हतं. मला माहीत होतं. तक्ता मी पाठ करून घेतला.' ब्रश तीन वेळा रंगात बुडवावा लागला, कारण अक्षरं तिने पलीकडच्या बाजूच्या सगळ्यात वरच्या अक्षराएवढी काढली, तळहाताएवढी. मग तक्ता रस्त्याकडे तोंड करून दर्शनी काचेला चिकटवला. मागे होऊन ती बाहेर फुटपाथवर गेली, रस्ता ओलांडला आणि पलीकडून पाहिलं. साबणाच्या डबीतला चष्मा न घालताही, मायनस अडीचवाल्याला वाचता आलं असतं.